नमुना मिळेल का? प्रकल्पातून शिकवण्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदी, नाशिक, २०२४-२५

१८ जून २०२४

शाळा उघडून तीनच दिवस झालेत. पहिल्या भेटीला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेतला गेल्या वर्षीचा सगळ्यांत चांगला प्रकल्प घेऊन यायचं, एवढंच कळवलं होतं. ३१ शिक्षक आले. त्र्यंबकच्या बाजूचे, सिन्नरचे, निफाडचे, येवल्याचे दोघे आणि शहरातल्या महापालिका शाळांतले सहा. टेबलं पुरेनात, म्हणून सतरंजीवरच प्रदर्शन मांडलं.

सूर्यमाला पाच. ज्वालामुखी दोन. 'पाण्याचे महत्त्व' सात, आणि सातही फायलींत धबधब्याचं तेच चित्र. स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना चित्रांचा तक्ता मिळतो, त्यातून कापलेलं. एकाने धबधब्याखाली 'नळ' लिहिलं होतं, कारण कापताना खालच्या चित्राचं नाव वर आलं. तपासणाऱ्याची लाल बरोबरची खूण त्यावरही होतीच.

मी विचारलं, "यातला कुठला प्रश्न मुलाने विचारला होता?" कोणी बोलेना. मग सिन्नरच्या मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू का? ही फाईल माझ्या मुलाची आहे, आणि केलीय मी." सगळे हसले, पण हसताना बऱ्याच जणांनी आपापल्या फायली जरा मागे सरकवल्या.

आमची अडचण पहिल्याच दिवशी दिसली. 'प्रकल्प' हा शब्द शाळेत आधीच राहायला आलाय आणि त्याने आपलं सगळं सामान मांडून ठेवलंय. त्याच खोलीत दुसरा भाडेकरू कसा घालायचा?

२१ जून

सहकारी दादांनी ४० स्लाइड्स केल्या होत्या. त्यावरून आज दोन तास वाद झाला.

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पार्श्वभूमी कळायला हवी. किलपॅट्रिक यांनी १९१८ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात असताना प्रकल्प पद्धतीवर लेख लिहिला. त्यांचा भर मुलाने मनापासून, हेतू धरून केलेल्या कामावर होता. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती बसली आणि हाताच्या कामातून गणित, भूगोल, भाषा शिकवायची नई तालीम मांडली गेली. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं चारणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली. हे सगळं सांगावंसं मलाही वाटतं. पण गेली वीस-बावीस वर्षं मी प्रशिक्षणांत समोर बसलेय. मूल स्वतः करून, अनुभवातून ज्ञान घडवतं, हा ज्ञानरचनावादही आम्हाला स्लाइडवरच शिकवला होता, आम्ही मांडी घालून ऐकत असताना.

शेवटी ठरलं ते असं: इतिहासाला दहा मिनिटं, तीही चहाआधी. बाकी सगळा वेळ शिक्षकांनी स्वतः एक प्रकल्प करायचा, पहिल्या प्रश्नापासून लोकांसमोर मांडण्यापर्यंत. आपण कधी केलेलंच नाही ते वर्गात करून घ्यायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून सूचना देणं.

फरक सांगायला एक वाक्य हवं होतं. आधी धडा शिकवायचा आणि शेवटी त्यावर फाईल करायची, हे झालं पानावरचं लोणचं. इथे प्रकल्प हेच जेवण. धडा त्यातूनच यायला हवा. दादांना उपमा आवडली नाही. राहू दे, मला आवडली.

ही फाईल आली कुठून, तेही तपासलं. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याच्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या भागात आठ साधनतंत्रं: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. हेतू चांगलाच होता. पण प्रकल्पाला गुण आले, गुणांना रकाना आला आणि रकाना भरायला फाईल आली.

६ जुलै, शनिवार

सगळे गंगेवर. (बाहेरचे गोदावरी म्हणतात, नाशिककर गंगा.) सकाळी साडेआठला गांधी तलावाजवळ जमलो. पावसाची भुरभुर, घाट निसरडा, दोघींत एक छत्री.

प्रश्न आम्हीच दिला होता: नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं म्हणजे नदीत नक्की किती पाणी आलं?

नाशिकमध्ये पूर सेंटिमीटरमध्ये कोणी सांगत नाही. मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, असंच सांगतात, आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं की शहर खरंच घाबरतं. पण बातमीत आकडा येतो तो गंगापूर धरणातून सोडलेल्या क्युसेकचा. मारुती आणि क्युसेक यांची सांगड घालायची, एवढंच काम. दिसायला सोपं.

पहिला अडथळा: मारुतीची उंची मोजायची कशी? मूर्तीवर टेप लावणं कोणालाच पटेना, आणि ते बरोबरच होतं. निफाडचे गणिताचे सर म्हणाले, सावली मोजू. काठीची सावली, मूर्तीची सावली, समरूप त्रिकोण. सगळे खूश. मग वर आभाळाकडे बघितलं. जुलै महिना, सावली आणायची कुठून?

पंधरा मिनिटं सगळे नुसते उभे होते. माझ्या जिभेवर उत्तर होतं. दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून गप्प राहिले. मग महापालिका शाळेतल्या एका बाईंना सुचलं: मूर्तीजवळ माणूस उभा करा, लांबून फोटो काढा, माणसाची उंची माहीत आहे, फोटोत पट्टीने मोजून गुणोत्तर काढा. चार गटांनी चार फोटो काढले आणि चार वेगळी उत्तरं आली. का? एका गटाचा माणूस मूर्तीच्या पुढे सहा फूट उभा होता, म्हणून तो मोठा दिसला आणि मारुती लहान. दुसऱ्या गटाने घाटाच्या वरच्या पायरीवरून फोटो काढला होता. चुका कुठे झाल्या हे शोधण्यात तास गेला. वेळापत्रकात त्याला दहा मिनिटं धरली होती.

भांडी बाजारात जुन्या दुकानदारांना विचारायला दोन गट गेले. २००८ चा पूर, २०१९ चा पूर, कुठल्या पायरीपर्यंत, कुठल्या दुकानाच्या कुठल्या फळीपर्यंत. एका काकांनी भिंतीवरची ओल दाखवून "हा आठचा" असं सांगितलं, आणि शेजारच्यांनी "नाही, हा एकोणीसचा" म्हणून भांडण काढलं. साक्ष म्हणजे काय आणि ती ताडून कशी बघायची, हा इतिहासाचा पाठ तिथेच उभ्याउभ्या झाला.

७ जुलै, रविवार

रविवार घेतल्याबद्दल सकाळी बोलणी खाल्ली. योग्यच होती. मिसळ सांगितली, तेव्हा वातावरण निवळलं.

काल आणलेली सगळी माहिती भिंतीवर लावली. दोन रकाने: 'माहीत आहे' आणि 'माहीत व्हायला हवं'. दुसरा रकाना पहिल्याच्या तिप्पट झाला. सगळ्यांत वर होतं: क्युसेक म्हणजे नक्की काय? ३१ शिक्षकांपैकी चौघांना नीट सांगता आलं. बाकीच्यांनी आयुष्यभर पेपरात वाचलेला शब्द.

दर सेकंदाला एक घनफूट. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लीटर. म्हणजे १,००० क्युसेक विसर्ग असेल तर सेकंदाला २८,३०० लीटर. येवल्याचे सर उठले आणि म्हणाले, "आमच्याकडे टँकरमध्ये सांगा." ५,००० लीटरचा टँकर धरला तर सेकंदाला साडेपाचच्या वर टँकर. ते खाली बसले आणि बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला उन्हाळ्यात आठवड्याला मिळतं तेवढं पाणी इथे एक-दोन श्वासांत जातं." पाठ्यपुस्तकातलं एककांचं रूपांतर मी वीस वर्षं शिकवलं. त्यावर वर्ग असा गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता.

मारुती आणि क्युसेक यांची सांगड अर्धवटच राहिली. नदीचा काटछेद लागतो, पाण्याचा वेग लागतो, शिवाय मधले नाले आणि शहरातला पाऊसही येऊन मिळतो. धरणाच्या आकड्यावरून मारुतीचं पाणी थेट सांगता येत नाही, एवढं मात्र सगळ्यांना पटलं. काहींना हे अपयश वाटलं. "पण मग उत्तर काय?" असं संध्याकाळी सहा वाजता विचारून एक सर रुसून गेले.

जाताना सगळ्यांची एकच मागणी होती: "मॅडम, आम्हाला एखादा नमुना पाठवा ना." रात्री मी मारुतीच्या प्रकल्पाचं पाच पानी नियोजन नीट टाइप करून गटावर टाकलं. शाबासकीचे अंगठे धडाधड आले.

२० जुलै

नियोजनं आली. ३१ पैकी २२ जणांनी पुराचा प्रकल्प निवडलाय. त्यात सिन्नरच्या त्या मॅडमही आहेत, ज्यांच्या गावात नदी म्हणजे ओढा आणि तोही पावसाळ्यापुरता. येवल्याच्या टँकरवाल्या सरांनीसुद्धा पूरच घेतलाय. "मारुती" खोडून "गावातील मारुती मंदिर" लिहिलंय. ते मंदिर टेकडीवर आहे.

चूक सर्वस्वी माझी. फाईल गटावरून काढून टाकली, पण आता काय उपयोग, सगळ्यांच्या फोनमध्ये उतरलेली आहे.

शिक्षक नमुना का मागतात, याबद्दल आज त्यांच्यावर चिडून बसले होते. मग आठवलं, मीही मागायचे. अधिकारी येणार, तपासणार, आणि त्यांच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. नमुना हातात असला की जीव वाचतो. आळस नाही तो, चिलखत आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

आज फक्त प्रश्नांवर काम. नमुना नाही, तक्ता नाही. प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल स्वतःला खरंच न कळलेली गोष्ट लिहायची. पहिल्या फेरीत पुन्हा 'स्वच्छतेचे महत्त्व' वगैरे आलं. 'महत्त्व' या शब्दावर दिवसभर बंदी घातली. त्यानंतर हालचाल सुरू झाली.

प्रश्न चाळायला दोन चाळण्या वापरल्या. फोनवर विचारून दोन मिनिटांत उत्तर मिळतंय का? मिळत असेल तर तो प्रश्न पाडा. आणि उत्तर मिळाल्यावर गावात कोणाला तरी ते हवं आहे का? कोणालाच नको असेल तर तोही पाडा. पाठ्यपुस्तकात कुठे बसतं ते तिसऱ्या पायरीला बघायचं, पहिल्या नाही. हा क्रम उलटा केला की प्रश्न पुन्हा धड्यासारखा दिसायला लागतो, हे आज तीन-चार वेळा घडलं.

टिकलेले काही:

त्र्यंबक बाजूच्या पाड्यावरच्या गुरुजींचा: चार महिने धो धो पाऊस पडतो, तरी चैत्रात हंडे घेऊन रांग लागते. मग आपल्या शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून जातं आणि त्यातलं किती ठेवता येईल?

निफाडच्या सरांचा: कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत किती घटतो, आणि थांबणं कधी परवडतं?

येवल्याचा: पैठणीच्या पदरावरचा एक मोर विणायला किती दिवस लागतात आणि त्यातले किती पैसे विणणाऱ्याच्या हातात येतात?

महापालिका शाळेतल्या बाईंचा: शाळा सुटताना गेटसमोर रिक्षा कुठे उभ्या राहिल्या तर लहान मुलांना रस्ता ओलांडावा लागणार नाही?

एका सरांनी २०२७ च्या सिंहस्थावर प्रश्न आणला, शाळेच्या इमारतीत किती यात्रेकरू राहू शकतील असा. स्वच्छतागृहं किती, पाणी किती, गणित उत्तम होतं. पण उत्तर मुलांना नको होतं, सरांनाच हवं होतं. त्यांनीच तो मागे घेतला. मला जरा वाईट वाटलं.

२७ ऑगस्ट

पाड्यावरच्या शाळेत गेले. स्कूटर मोरीपाशी ठेवून शेवटचा तुकडा चिखलातून चालत. दोन शिक्षकी शाळा, पट २६, पत्र्याचं छप्पर.

मुलांनी बाटलीचं पर्जन्यमापक केलेलं. पहिलं फसलं, कारण थंड पेयाच्या बाटलीचा तळ फुगीर असतो आणि सुरुवातीचे मिलिमीटर त्यातच जिरतात. मग तळाला खडे घातले, सपाट भागापर्यंत पाणी ओतलं आणि तिथे शून्य धरला. दुसरं फसलं, कारण ते पागोळ्यांखाली ठेवलं होतं. तिसरं आता अंगणात मधोमध खांबाला बांधलंय आणि बकरी येऊ नये म्हणून भोवती काट्या.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लीटर पाणी. हे गुरुजींनी सांगून टाकलं होतं, मुलांना पटलं नव्हतं. शेवटी एका मुलीने घमेल्याच्या आकाराचा खोका केला आणि मोजून बघितलं. आता पटलंय.

छपराचं माप घेताना मीही घसरले. मुलं दोरी घेऊन पत्र्याच्या उतारावरून मोजत होती. मी म्हणाले, छान. गुरुजी हळूच म्हणाले, "मॅडम, पाऊस तर सरळ खाली पडतो. उतारावरून मोजलं तर जास्त येईल. जमिनीवरची सावली मोजायला हवी." बरोबर. पागोळ्या पडतात त्या रेषांमधलं अंतर घेतलं: ४० फूट बाय २० फूट. ८०० चौरस फूट, म्हणजे ७४ चौरस मीटर. एका मिलिमीटरला ७४ लीटर. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ७४ लिहिलं आणि त्याला चौकट केली.

थोडं उडतं, थोडं सांडतं, पहिल्या पावसाचं धुवण सोडून द्यावं लागतं. म्हणून शेकडा ८० धरायचं ठरलं. त्या हिशेबाने १० मिलिमीटरच्या सरीत ६०० लीटरच्या आसपास. मुलांनी घरचा हंडा मोजून आणला होता, १४ लीटरचा. बेचाळीस हंडे! चौथीतला एक पोरगा नुसता "बेचाळीस, बेचाळीस" करत वर्गभर फिरत होता. त्याची आई रोज किती आणते, ते मी विचारलं नाही.

१४ सप्टेंबर

गणपतीमुळे काम थंड. अहवालासाठी फोटो मागणारे तीन निरोप आले, एका कार्यालयातून. बाटलीचा फोटो पाठवला तर उत्तर आलं: "प्रकल्पाचा पाठवा."

२८ सप्टेंबर, शनिवार

शेरा कसा द्यायचा यावर बैठक. आपल्याकडे दोनच शेरे असतात, 'छान' आणि 'सुधारणा हवी'. दोन्हींतून काहीच कळत नाही.

अमेरिकेतल्या रॉन बर्गर या शिक्षकाचं एक उदाहरण दाखवलं. आयडाहोतल्या पहिलीच्या मुलाने फुलपाखराचं चित्र काढलं. वर्गसोबत्यांनी पंखांचा आकार, टोकं, नक्षी असं एकेक नेमकं सांगितलं आणि त्याने ते सहा वेळा काढलं. पहिलं चित्र कुठल्याही पहिलीतल्या मुलाचं असावं तसं. सहावं बघून खोलीत "अरे!" झालं. बर्गर यांचे तीन नियम फळ्यावर लिहिले: प्रेमाने, नेमकं, उपयोगी पडेल असं.

मग शिक्षकांनी एकमेकांच्या नियोजनावर याच पद्धतीने बोलायचं होतं. फार अवघड गेलं. 'प्रेमाने' सगळ्यांना जमलं, 'नेमकं' कोणालाच नाही. ज्येष्ठ सरांना कनिष्ठ मॅडम काही सांगेनात. दादांनी युक्ती काढली, वाक्याची सुरुवात बांधून दिली: "मला इथे कळलं नाही की…" आणि "मी असते तर इथे … विचारलं असतं." न कळल्याचं सांगायला कोणाचा मान आड येत नाही. अर्ध्या तासात आवाज वाढले. महापालिकेच्या बाईंना कोणीतरी विचारलं, "रिक्षावाल्या काकांना विचारलंत का?" नव्हतं विचारलं. दोन महिने त्यांचा वर्ग रिक्षा कुठे उभ्या कराव्यात याचे नकाशे काढत होता.

१६ ऑक्टोबर

निफाडचा कांदा. या शाळेत नाकाला रुमाल लावून जावं लागलं.

जुलैत दहा-दहा किलोच्या दोन जाळीच्या पिशव्या भरल्या. एक एका मुलाच्या घरच्या चाळीत, एक वर्गात खिडकीपाशी. दर सोमवारी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. वर्गातली पिशवी सप्टेंबरातच इतका वास मारू लागली की मुख्याध्यापकांनी बाहेर काढायला लावली. मुलांनी ती व्हरांड्यात ठेवली आणि तक्त्यात 'स्थलांतर' अशी नोंद केली.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने विचारलं होतं: कुजलेला कांदा फेकला तर त्याचं वजन धरायचं का? सरांनाही सांगता येईना. तेव्हापासून ते कुजलेले वेगळे मोजून मग फेकतात. त्या एका प्रश्नामुळे आज दोन वेगळे आकडे हातात आहेत. चाळीतली पिशवी ६ किलो ८०० ग्रॅम उरली. गेलेल्या ३ किलो २०० ग्रॅमपैकी १ किलो ९०० ग्रॅम कुजून गेलं, बाकीचं सुकून. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच कुजलं नव्हतं, हे नशीब.

मुलाचे वडील बघायला आले होते. त्यांना टक्केवारीत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "तेव्हा वीसने दिला असता. आता कितीने दिला तर तोटा नाही?" वर्ग कामाला लागला. दहा किलोचे तेव्हा २०० रुपये. आता ६.८ किलोचे तेवढेच यायला हवेत. भागाकार: २९ रुपये ४० पैसे. एका मुलाने चाळीचा खर्च आणि गोण्यांचा खर्च धरला नाही म्हणून हरकत घेतली, तीही बरोबर. वडील म्हणाले, "हे आम्ही अंदाजाने करतो." जाताना आकडा तळहातावर लिहून घेतला.

एका पिशवीवरून सगळ्या चाळीचं सांगता येत नाही, हे मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पाच पिशव्या. पण वर्गात एकही नाही."

२५ नोव्हेंबर

दिवाळीची सुटी, मग विधानसभेची निवडणूक. शिक्षक प्रशिक्षणाला, मग ड्युटीवर. २० तारखेच्या मतदानानंतर आता कुठे माणसात आलेत. महिनाभर एकाही शाळेत काही हललं नाही. हे नियोजन करताना आम्हाला माहीत होतं. तरी तक्त्यात नोव्हेंबर भरगच्च दाखवला होता, कोणाला खूश करायला कोण जाणे.

पाड्यावरची शाळा अर्धी रिकामी. आईबाप दिंडोरीकडे द्राक्षबागांत गेले, पोरंही गेली. दरवर्षीचंच. छपराचा हिशेब करणाऱ्या गटातले चौघे नाहीत, बेचाळीसवाला पोरगाही नाही.

गुरुजींनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली. सुरुवातीपासून एक मोठी वही दोरीने खिडकीला बांधलेली आहे. त्या दिवशी काय मोजलं, काय फसलं, पुढे काय, ते मुलंच लिहितात. नव्याने येणारा किंवा परत येणारा ती वाचून कामाला लागतो. आमच्या कुठल्याही आराखड्यात ही वही नव्हती. मी तिचा फोटो काढला आणि गटावर टाकायला गेले, मग थांबले. टाकला असता तर उद्या ३१ वह्या खिडक्यांना टांगल्या असत्या. गुरुजींनाच सांगितलं, पुढच्या भेटीत ही कशी सुचली आणि आधी काय फसलं होतं, ते तुम्ही बोला.

१३ डिसेंबर

गुणांचा दिवस, म्हणजे भांडणाचा दिवस.

प्रश्न खरा आहे. गटाने केलेल्या कामाला एकेकट्या मुलाला गुण कसे? दादांनी चार पातळ्यांचे गुणनिकष आणले होते, बारा ओळींचे. निफाडचे सर म्हणाले, "५४ मुलं गुणिले बारा ओळी. तुम्ही भरायला येणार का?" शेवटी तीन ओळी उरल्या: प्रश्नाला धरून पुरावा गोळा केला का, शेरा मिळाल्यावर काम बदललं का, आणि आपल्या गटाचं काम एकट्याने समजावून सांगता येतं का. तिसरी ओळ सगळ्यांत कामाची. पाच मिनिटं मुलाशी बोललं की कोणी केलं आणि कोणी फक्त नाव घातलं, ते उघडं पडतं.

सिन्नरच्या मॅडम शेवटी म्हणाल्या, "माझे दोन धडे मागे पडलेत. दशांश अपूर्णांक पक्के झाले, क्षेत्रफळ पक्कं झालं, पण भूमितीला हात लागला नाही. चाचणीत ते येणार." याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. सगळा अभ्यासक्रम प्रकल्पातून होत नाही, आणि करूही नये असं माझं मत झालंय. वर्षाला एक, फार तर दोन. बाकी फळा-खडू आहेच, आणि तो वाईट नाही. दादांना हे पटत नाही. त्यांनी चहाही घेतला नाही.

२७ जानेवारी २०२५

काल ध्वजवंदनानंतर पाड्यावरच्या मुलांनी ग्रामसभेत मांडणी केली. मी मागे सतरंजीवर.

आधी मुलांना साऱ्या गावाची टंचाई मिटवायची होती. हिशेब करता करता ती कल्पना मेली. ५,००० लीटरची टाकी भरायला साधारण ८४ मिलिमीटर पाऊस पुरे, इकडे जुलैत तेवढा एखाद्या दिवसात पडतो. पण ती गावाला एक दिवसही पुरणार नाही. मग त्यांनी प्रश्न लहान केला: शाळेपुरतं काय? २६ मुलं, हातपाय आणि ताट धुवायला माणशी दोन लीटर, दिवसाला ५२. टाकी ९६ दिवस चालते. पिण्यासाठी का नाही, तेही सांगितलं. आरोग्यसेविका ताईंना विचारून आले होते, पत्र्यावरचं पाणी टीसीएल (जंतू मारायची पावडर) टाकल्याशिवाय पिऊ नका म्हणाल्या.

सहावीतली मुलगी बोलत होती. आवाज बारीक, पण कागद खाली. ग्रामसेवकांनी विचारलं, "टाकी एका दिवसात भरली, तर चार महिने वरचं पाणी कुठे जाणार? शाळेच्या भिंतीशी मुरलं तर?" तिने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी जमिनीकडे बघितलं. (या एका नजरेसाठी आम्ही सात महिने खपलो असू.) ती म्हणाली, "ते आम्ही मोजलं नाय अजून." आणि वहीत लिहून घेतलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढचा विषय रस्त्याचा होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिशेब. ३१ पैकी १७ शाळांत प्रकल्प सुरू झाला, नऊ ठिकाणी शेवटपर्यंत गेला. पैठणीचा अर्ध्यात थांबला, कारण मजुरीचा आकडा विचारल्यावर दोन घरांत पुढे बोलायला कोणी तयार होईना. तो प्रश्न असा थेट विचारायचा नव्हता, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. रिक्षाचा झाला. काकांनी जागा बदलली, पण मुलांच्या नकाशातली नाही, त्यांना स्वतःला सोयीची.

पुढच्या तुकडीसाठी: गंगेवरचा दिवस ठेवायचा, रविवार नको. नोव्हेंबर रिकामा धरायचा. लांब टेप दोन विकत घ्यायचे, पहिला गवंड्याचा होता आणि त्याला परत द्यायचा राहिलाय.

दुपारी पाड्यावरून फोन आला. ग्रामपंचायतीने पन्हळ दिली, पण पैसे अर्ध्या छपरापुरतेच. गुरुजी म्हणाले, पोरांनी फळ्यावरचे ७४ पुसलेत. आता तिथे ३७ आहे, आणि खाली ९६ दिवसांचं काय होणार याचा हिशेब अर्धवट सोडून सगळी जेवायला गेलीत.